रस्ता आता मी बघते

श्रोतेहो, नमस्कार.

आजचं बोलणं मुख्यतः अशा बायकांसाठी आहे, ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय. नवरा असेल, मूल असेल, आई असेल, पाठची बहीण असेल. कुणाचं माणूस गेलेलं नसेल, पण आजारपणात शरीराचा एखादा भाग गेला असेल, किंवा इतकी वर्षं सांभाळलेला संसार मोडला असेल. अशा वेळी कुणीतरी येऊन सांगतं, "बायकांचं एक साहस शिबिर आहे. डोंगरात जातात, तंबूत राहतात, कडा उतरतात. तू जाऊन ये, बरं वाटेल." आणि ऐकणारीच्या मनात पहिल्यांदा येतं ते हे: माझ्यावर काय ओढवलंय, आणि हे मला दोराला लटकायला सांगतायत!

हा राग मला पटतो. मी अशा शिबिरांबरोबर जाते, तेव्हा "बरं वाटेल" असं वचन मी कुणालाच देत नाही. चार दिवसांत दुःख संपत नाही, आणि तिथे ते संपवायच्या भानगडीत कुणी पडूही नये. पण दुःखापासून काही तास बाजूला व्हायची मुभा तिथे मिळते. घरात ती मुभा बाई स्वतःला क्वचितच देते.

शोकाच्या पाच पायऱ्या तुम्ही कुठेतरी ऐकल्या असतील. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली त्या मांडल्या, पण त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच. तरी बायका मला विचारतात, "मी कितव्या पायरीवर असेन?" जणू परीक्षा आहे आणि ती मागे पडली आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन संशोधकांनी १९९९ साली वेगळी मांडणी केली. ती मला जास्त खरी वाटते. ते म्हणतात, शोक करणारं माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतं. एका बाजूला आठवणी, रडणं, ओढ. दुसऱ्या बाजूला जगण्याची नवी कामं: बँकेचे व्यवहार, मुलांच्या शाळा, जो माणूस गेला तो करायचा ती सगळी कामं. दोन्ही बाजू लागतात, आणि मधेमधे दोन्हींपासून सुट्टीही लागते. सतत रडत राहणं जसं झेपत नाही, तसं सतत कणखर राहणंही झेपत नाही.

हे पुस्तकातलं वाटेल, म्हणून एका बाईंबद्दल सांगते. पन्नाशीच्या पुढच्या. नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलेलं. शिबिरात दुसऱ्या दिवशी लीडरनं नकाशा आणि होकायंत्र त्यांच्या हातात दिलं. त्या लगेच म्हणाल्या, "मला नको. रस्ता नेहमी हेच बघायचे. मी शेजारी बसायचे." लीडर वाद घालत बसली नाही. तिनं नकाशा एका सपाट खडकावर पसरला, त्यावर होकायंत्र ठेवलं आणि नकाशाची वरची बाजू उत्तरेला येईपर्यंत तो कसा फिरवायचा ते दाखवलं. मग समोच्च रेषा दाखवल्या. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीची. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे उभा चढ, लांब लांब असल्या की सोपा उतार. एवढंच सांगितलं आणि ती मागे जाऊन उभी राहिली.

पुढे वाट फुटली. डावीकडची सरळ सोंडेवर चढत होती, उजवीकडची डोंगराला वळसा घालून जात होती. सगळ्या जणी थांबल्या. कुणी घाई केली नाही, कुणी सुचवलंही नाही. बाईंनी बराच वेळ नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "डावीकडे रेषा फार दाट आहेत. आपण उजवीकडून जाऊ. तासाभरात ओढा लागायला हवा." सगळ्या त्यांच्या मागून निघाल्या. आणि खरंच, झाडीतून पाण्याचा आवाज आला. "आहे! ओढा आहे!" असं त्या इतक्या जोरात ओरडल्या की पाखरं उडाली. मग तिथेच दगडावर बसून हुंदके देऊन रडल्या. कुणी "रडू नका" म्हटलं नाही. एकीनं त्यांची बाटली भरून आणली, एक नुसती शेजारी बसली. थोड्या वेळानं त्यांनी तोंड धुतलं आणि नकाशा पुन्हा उघडला.

नवऱ्याची आठवण आणि नवं काम, दोन्ही त्या ओढ्याकाठी पाव तासात येऊन गेलं. एकामुळे दुसरं खोटं ठरलं नाही. शोकातल्या बाईला हसताना अपराधी वाटतं. आपण हसलो तर गेलेल्याला विसरलो असं लोक म्हणतील, आणि लोकांआधी आपणच म्हणू, ही धास्ती असते. डोंगरात ती धास्ती सैल पडते, कारण हसू समोरच्या गोष्टीतून येतं. पाय घसरतो, तंबूचा खांब उलटा लागतो, ओढ्याचं पाणी पायाला झोंबतं.

शरीराचंही ऐका. दुःख फक्त मनात नसतं, ते झोपेत, भुकेत, छातीत बसतं. तीव्र भावनिक धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडतो, असा एक आजार १९९० साली जपानी डॉक्टरांनी नोंदवला. तो बहुतांशी पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसतो. म्हणून माणूस गेल्यावर छातीत दुखलं तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून अंगावर काढू नका. आणि शिबिराला जाण्याआधी तपासणी करून घ्या.

झोपेचं गणित मात्र उघड्यावर खरंच सुधारताना दिसतं. लक्स हे उजेड मोजायचं माप. घरातला उजेड साधारण काहीशे लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजारांवर जातो, लख्ख उन्हात लाखाच्या घरात. शरीराचं आतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. त्यात दिवसभराची चाल. रात्र रात्र छताकडे बघत पडणारी बाई तंबूत घोरताना ऐकली की मला फार बरं वाटतं.

अमेरिकेत १९९६ साली स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांसाठी गळ टाकून मासे पकडण्याची शिबिरं सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत एक सर्जन होती आणि एक पट्टीची मासे पकडणारी. गळाची लांब दोरी हळुवार मागे-पुढे फेकताना हाताची जी हालचाल होते, ती शस्त्रक्रियेनंतर सांगितल्या जाणाऱ्या व्यायामासारखीच असते. व्यायाम म्हणून जो हात उचलवत नाही, तो नदीत उभं राहिल्यावर आपसूक उचलला जातो. त्यामुळे साहस म्हणजे कडाच चढला पाहिजे असं समजू नका.

जुन्को ताबेई यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई, १६ मे १९७५. त्याआधी बाराच दिवस त्यांचा कॅम्प हिमप्रपाताखाली गाडला गेला होता. पण मला त्यांचं नंतरचं काम जास्त मोठं वाटतं. त्या मूळच्या जपानमधल्या फुकुशिमाच्या. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तिथल्या शाळकरी मुलामुलींना त्या दरवर्षी फुजी पर्वतावर नेऊ लागल्या. स्वतःला कर्करोग झाल्यावरही नेत राहिल्या. २०१६ च्या जुलैमध्ये त्या मुलांबरोबर शेवटच्या फुजीवर गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये वारल्या.

फक्त बायकांचंच शिबिर का, हा प्रश्न येतोच. मिश्र गटात अवघड काम नकळत पुरुषांकडे सरकतं. दोर कोण बांधणार, चूल कोण पेटवणार, हे कुणी न ठरवताच ठरून जातं. फक्त बायका असल्या की ते सरकायला जागा नसते. शिवाय चालताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. बोलणं सोपं जातं, आणि चढ आला की दम लागल्यामुळे गप्प राहणंही सोपं जातं.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. रात्री शेकोटीभोवती बसवून प्रत्येकीला "आपापलं दुःख सांगा" म्हणायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. दुर्घटनेनंतर माणसांना एकदाच बसवून सगळं बोलायला लावलं, तर पुढचा मानसिक त्रास टळतो का, हे अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. तसा फायदा दिसला नाही आणि सक्ती करू नये अशी शिफारस झाली. जिला बोलायचंय ती बोलेल. जिला नुसती लाकडं सारायची आहेत तिला सारू द्या.

म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकांना हे स्पष्ट विचारा: एखादी गोष्ट मला करायची नसेल, तर कारण न सांगता नाही म्हणता येईल का? लीडरला दुर्गम भागातल्या प्रथमोपचारांचं प्रशिक्षण आहे का, बरोबर समुपदेशक आहे का, मध्येच परतायचं झालं तर सोय काय? उत्तरं देताना कुणी वैतागलं, तर तिथे जाऊ नका.

काहींसाठी शिबिर हा पहिला उपाय नाही. जेवणखाण पार सुटलंय, जगू नये असं वाटतंय, तर आधी डॉक्टरांकडे जा, आजच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, सहा महिन्यांहून जास्त काळ टिकून रोजचं जगणं अडवणाऱ्या शोकाची वेगळी नोंद आहे. त्यावर उपचार होतात. मदत घेणं हा गेलेल्या माणसाशी द्रोह नाही.

आणि परत आल्यानंतरचा आठवडा. दार उघडलं की तीच खुर्ची, तोच मोबाईल चार्जर. कित्येकींना तो आठवडा जाण्याआधीपेक्षा जड जातो. म्हणून आम्ही निघतानाच पुढची एकत्र चाल कधी, हे ठरवून ठेवतो. लांबची नाही, घराजवळचीच, सकाळची. तुमच्या ओळखीतली कुणी अशा शिबिराला जाणार असेल, तर ती परतल्यावर "आता बरी झालीस ना?" असं विचारू नका. तिनं काय काय बघितलं ते विचारा, फोटो बघा, आणि रविवारी ती चालायला निघाली तर तुमचे बूट घालून तयार राहा.

नमस्कार.