इमिग्रंट व्हिसाचा इंटरव्ह्यू : फाईल आणि माणूस

(पडद्यावर : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. बोटीवरून उतरणारी गर्दी, मोठा हॉल, लाकडी बाकं.)

न्यूयॉर्कच्या बंदरातलं हे एलिस आयलंड. १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांच्या आसपास माणसं इथून अमेरिकेत शिरली. बोट आधी धक्क्याला लागायची, चौकशी नंतर. जिना चढणाऱ्यांवर डॉक्टरांची नजर असायची : कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय. शंका आली की अंगरख्यावर खडूनं एक अक्षर. डोळ्यांसाठी ‘ई’, हृदयासाठी ‘एच’. पुढे टेबलामागचा अधिकारी बोटीच्या यादीत आधीच लिहिलेले प्रश्न पुन्हा विचारायचा. नाव काय, कुणाकडे चाललात, जवळ पैसे किती. उत्तरं यादीशी जुळली की वाट मोकळी. ज्याला नाकारलं, त्याला परत नेण्याचा खर्च बोटकंपनीच्या माथी.

१९२४ च्या कायद्यानं ही चौकशी बंदरावरून उचलून परदेशातल्या वकिलातींमध्ये नेली. आधी व्हिसा, मग बोट. भारतीयांना त्या वेळी स्थलांतराची दारं जवळपास बंदच होती. १९४६ साली ती किलकिली झाली, तीही वर्षाला शंभर जणांपुरती.

जागा बदलली, पण काम फारसं बदललं नाही. कागदावरचा माणूस आणि समोर उभा असलेला माणूस यांचा मेळ बसतो का, एवढंच आजही बघितलं जातं.

(पडद्यावर : रिकामी प्रतीक्षागृहं, काचेच्या खिडक्या, टोकन नंबरचा फलक.)

इमिग्रंट व्हिसाच्या इंटरव्ह्यूबद्दलचे बरेचसे सल्ले दुसऱ्याच व्हिसाचे असतात. टूरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसाला ‘मी परत येणार’ हे पटवून द्यावं लागतं. इमिग्रंट व्हिसा मागणारा तर कायमचाच चाललेला असतो आणि अर्जात तसं लिहिलेलंही असतं. तरी काहीजण घराचे कागद, ठेवींच्या पावत्या, नोकरीची हमीपत्रं घेऊन येतात. पेपर गणिताचा आणि अभ्यास भूगोलाचा, असा हा प्रकार.

इथे प्रश्न वेगळे असतात. ज्या नात्याच्या आधारावर अर्ज केलाय ते नातं खरं आहे का? अमेरिकेतल्या प्रायोजकाची ऐपत आहे का? पूर्वी कधी व्हिसाची मुदत संपून राहिलात का, खोटी माहिती दिलीत का, गुन्हा दाखल झालाय का?

यातलं बहुतेक सगळं इंटरव्ह्यूच्या आधीच फाईलमध्ये असतं. कुटुंबाच्या मार्गानं जाणाऱ्यांचा प्रवास अमेरिकेतल्या नातेवाईकानं भरलेल्या आय-१३० अर्जापासून सुरू होतो. तो मंजूर झाला की फाईल अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. मग डीएस-२६० हा ऑनलाईन अर्ज, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, पोलिसांचं प्रमाणपत्र, आणि प्रायोजकाचं आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र. सर्वसाधारणपणे त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. हे हमीपत्र साधं समजू नका. नवराबायकोचा घटस्फोट झाला तरी प्रायोजकाची जबाबदारी सुटत नाही.

आता खरी गोम. अमेरिकन नागरिकांच्या भावाबहिणींसाठी वर्षाला सुमारे ६५ हजार व्हिसा, आणि त्यावर कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतासारख्या देशातल्या अर्जदाराचा नंबर यायला दशकाहून जास्त काळ लागतो. म्हणजे अर्ज भरला तेव्हा जे लिहिलं, त्याबद्दल एका पिढीच्या अंतरानं विचारणा होते. जन्मदाखल्यात नावाचं एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, बहिणीच्या अर्जात तिसरं. नोकरीच्या तारखा अंदाजानं टाकलेल्या. कुणा एजंटानं फॉर्म भरला आणि अर्जदारानं तो कधी वाचलाच नाही, हेही सर्रास चालतं.

म्हणून तयारी म्हणजे आरशासमोर उत्तरं घोकणं नव्हे. स्वतःची फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढा. डीएस-२६०ची प्रिंट समोर ठेवा, प्रत्येक तारीख दाखल्याशी ताडून बघा. चूक सापडली तर खिडकीवर गेल्या गेल्या स्वतःहून सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. विस्मृतीला शिक्षा नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली, तर मात्र अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

(पडद्यावर : फॉर्मवर एकच रकाना. वैवाहिक स्थिती.)

या रकान्यापाशी जरा थांबू. ग्रीनकार्डधारक आईवडिलांनी आपल्या एकवीस वर्षांवरच्या मुलासाठी अर्ज केला असेल, तर तो मुलगा अविवाहित असणं ही अटच आहे. त्या आईवडिलांच्या विवाहित मुलांसाठी व्हिसाचा वर्गच नाही. इंटरव्ह्यू झाला, पासपोर्टवर व्हिसा उमटला, घरच्यांनी म्हटलं, जायच्या आधी लग्न उरकून टाकू, सून मागाहून येईल. त्या लग्नाबरोबर व्हिसाचा आधारच संपतो. अमेरिकेच्या विमानतळावर उतरेपर्यंत अविवाहित राहावं लागतं, हे अनेक घरांना ठाऊक नसतं. आणि लग्नाच्या तारखा घरात कोण ठरवतं, ते तुम्हांला सांगायला नको.

वैद्यकीय तपासणी वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. लसीकरणाची नोंद बरोबर न्या. प्रौढांच्या छातीचा एक्स-रे निघतो, त्यात क्षयाचा संशय आला तर थुंकीच्या चाचण्यांमध्ये आठवडे जातात. तेव्हा ही तपासणी शेवटच्या दिवसांवर ढकलू नये.

(पडद्यावर : खिडकीच्या फटीतून आत सरकणारे कागद. वर उचललेला उजवा हात.)

आणि तो दिवस. सुरक्षातपासणी, टोकन, बोटांचे ठसे. एका खिडकीवर कर्मचारी मूळ दाखले तपासतो. मग बराच वेळ बसून राहायचं. पुन्हा नंबर लागतो तो अधिकाऱ्याच्या खिडकीवर. उजवा हात वर करून शपथ : अर्जातलं आणि आता सांगेन ते सगळं खरं. मग प्रश्न. पतीपत्नीच्या अर्जात, कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, ते तिकडे काय काम करतात. प्रश्न सोपे आहेत म्हणून फुलवून सांगायची गरज नाही. विचारलं तेवढं सांगावं. बहिणीकडे चाललेल्याला बहिणीच्या मुलांची नावं विचारली आणि तो अडखळला, तर अधिकारी फाईल पुन्हा उघडतो. आधी तयार केलेलं भाषण सुरू झालं, तरीही उघडतो.

काही वेळा हातात २२१-जी असं लिहिलेला कागद पडतो. तो बघून अनेकांचे पाय गळतात. तांत्रिकदृष्ट्या तो नकारच आहे, पण बहुतेकदा अर्थ एवढाच की एखादा कागद कमी आहे किंवा आणखी तपासणी बाकी आहे. मागितलेला कागद एका वर्षाच्या आत द्यायचा. वर्ष उलटलं तर नवा अर्ज आणि नवी फी.

मंजुरी मिळाली की पासपोर्ट ठेवून घेतात. हातात पासपोर्ट येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, तिकीट काढू नका, घर विकू नका. व्हिसा साधारण सहा महिन्यांचा असतो. वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल, तर त्याहूनही कमी. कागदपत्रांचं सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही. ते विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हातातच द्यायचं.

(पडद्यावर : पासपोर्टच्या पानावर शिक्का.)

शेवटचा निर्णय त्या विमानतळावर होतो. तिथे शिक्का बसला की व्हिसाचं तेच पान वर्षभर ग्रीनकार्डाचं काम करतं. प्रत्यक्ष कार्ड टपालानं येतं, त्याची फी वेगळी भरावी लागते. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जोडीदाराच्या नात्यानं पोचलेल्यांना मिळणारं कार्ड दोनच वर्षांचं असतं. मुदतीच्या शेवटच्या नव्वद दिवसांत पतीपत्नींनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, आणि नातं खरं असल्याचे पुरावे पुन्हा जोडायचे.