कोंबडीचा कर आणि गाडीची सीट

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बाल्टिमोर हे मोठं बंदर आहे. २००९ पासून पुढची काही वर्षं तिथे एक काम नेमाने चालायचं. तुर्कस्तानात तयार झालेल्या फोर्ड कंपनीच्या व्हॅन जहाजातून उतरायच्या. आत मागच्या बाजूला सीट, सीटला पट्टे, खिडक्यांना काचा. सीमाशुल्काची कागदपत्रं पुरी झाली की याच गाड्या एका गोदामात जायच्या. तिथली माणसं पाने घेऊन मागच्या सीट सोडवायची, पट्टे काढायची, खिडकीच्या काचेच्या जागी पत्रा बसवायची. काही मिनिटांत प्रवासी गाडीची मालवाहू गाडी व्हायची. आणि त्या कोऱ्या करकरीत सीट? त्यांच्या कापडाच्या चिंध्या केल्या जायच्या, लोखंड भंगारात जायचं. त्यांच्यावर कधी कोणी बसलंच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर प्रवासी गाडीवर आयात शुल्क होतं अडीच टक्के आणि मालवाहू गाडीवर पंचवीस टक्के. पुढे सरकारने यावर आक्षेप घेतला आणि २०२४ च्या मार्चमध्ये कंपनीला तडजोडीपोटी साडेछत्तीस कोटी डॉलर मोजावे लागले. कायद्याला बगल देणं बरोबर, असं मी म्हणत नाही. पण कोणीतरी मेहनतीने शिवलेली सीट दुसऱ्या कोणीतरी तितक्याच मेहनतीने फाडायची, आणि या दोन्ही कामांची मजुरी शेवटी गिऱ्हाइकाने भरायची, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आयात शुल्कावर बोलताना आकडे पुष्कळ येतात. वाया गेलेली ही मेहनत मात्र आकड्यांत दिसत नाही.

आता हा पंचवीस टक्के कर आला कुठून, ते पाहू. त्याची सुरुवात गाडीपासून झालीच नाही, ती झाली कोंबडीपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालन मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं, चिकन स्वस्त झालं आणि ते पश्चिम जर्मनीच्या बाजारात जाऊ लागलं. तिथल्या शेतकऱ्यांनी तक्रार केली. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजाराने, म्हणजे पश्चिम जर्मनी ज्यात होता त्या देशांच्या व्यापारी गटाने, आयात कोंबडीवर जबर शुल्क बसवलं. बोलणी झाली, ती फिसकटली. मग अमेरिकेने उलट शुल्क लावलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काढलेला तो हुकूम १९६४ च्या जानेवारीत लागू झाला. त्यात चार वस्तू होत्या : बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून बनणारा डिंकासारखा पदार्थ, ब्रँडी आणि हलके ट्रक, ज्यांत मालवाहू व्हॅनही आल्या. पहिल्या तीन वस्तूंवरचा तो कर पुढे उठला, ट्रकवरचा राहिला. कोंबडीचं भांडण कधीच विस्मरणात गेलं, पण साठ वर्षं उलटून गेली तरी तो कर जागचा हललेला नाही. भांडण दोन सरकारांचं आणि भुर्दंड मात्र ट्रक विकत घेणाऱ्या सुताराला, प्लंबरला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एखाद्या देशावर शुल्क लावलं, असं आपण बोलतो, त्यामुळे पैसे तो देश भरतो असा समज होतो. प्रत्यक्षात बंदरावर पैसे भरतो तो माल मागवणारा आपल्याच देशातला व्यापारी. परदेशी कारखानदार कधी थोडी किंमत उतरवतो, कधी व्यापारी स्वतःचा नफा कमी करतो. पण बराचसा भार खाली उतरत उतरत गिऱ्हाइकापर्यंत येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने जवळपास सगळ्या देशांच्या मालावर किमान दहा टक्के शुल्क लावलं, तेव्हाही सभांमधून बोललं गेलं ते परदेशांना वठणीवर आणण्याबद्दल.

याआधीचा वॉशिंग मशीनचा अनुभव ताजा आहे. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेतल्या आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. मशीनच्या किमती सुमारे बारा टक्क्यांनी वाढल्या. कपडे वाळवायच्या यंत्रावर तर शुल्क नव्हतंच, पण तेही जवळपास तेवढंच महागलं, कारण ही दोन्ही यंत्रं लोक जोडीने घेतात आणि विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. देशात आयात यंत्रांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनीही आपले भाव चढवले. नोकऱ्या वाढल्या, हे खरं, सुमारे अठराशे. पण त्यातल्या एकेका नोकरीपायी ग्राहकांच्या खिशातून वर्षाला आठ लाख डॉलरहून जास्त रक्कम गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

मग एवढं नुकसान असूनही असे कर टिकतात कसे? फायदा मोजक्या लोकांना आणि भरघोस होतो. ते संघटित असतात, मंत्र्यांना भेटतात, निवडणुकीत आठवण ठेवतात. तोटा कोट्यवधींमध्ये वाटला जातो. माणशी वर्षाकाठी एवढासा, की त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. आपण काय गमावतोय हे बहुतेकांना कळतही नाही. मुक्त बाजाराची बाजू घेणाऱ्यांना लोक उद्योगपतींचे वकील समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. संरक्षण मागायला सरकारच्या दारात बहुतेक वेळा उद्योगपतीच उभे असतात.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी मनापासून मानतो. स्वस्त आयातीने गावातला कारखाना बंद पडतो तेव्हा तिथल्या पन्नाशीच्या कामगाराला बाजाराचे फायदे सांगून त्याचं घर चालत नाही. त्याला मदत हवीच. ती सरळ त्याच्या हातात द्यावी, नवं काम शिकायला द्यावी, दुसऱ्या गावी बस्तान हलवायला द्यावी. तीही कराच्या पैशातूनच येईल, पण उघड येईल, अंदाजपत्रकात दिसेल, आणि तिच्यावर दरवर्षी प्रश्न विचारता येतील.

आणि शुल्क लावायचंच असेल, तर ते संपण्याची तारीख त्याच कागदावर लिहावी. वॉशिंग मशीनचा कर २०२३ च्या फेब्रुवारीत संपला, कारण तो ज्या तरतुदीखाली लावला होता तिला मुदत असते. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणे असं संरक्षण चार वर्षांसाठी देता येतं आणि वाढवून फार तर आठ वर्षांपर्यंत नेता येतं. कोंबडीच्या कराला अशी मुदत नव्हती. फरक एवढाच, पण साठ वर्षांचा.

मुदत नसलेला कर लोकांनी हटवल्याचंही उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये १८१५ पासून धान्याचे कायदे होते. सुरुवातीला देशातला भाव ठरावीक पातळीवर चढेपर्यंत परदेशी गहू विकायला बंदी, पुढे बंदीऐवजी भावाप्रमाणे कमीजास्त होणारा कर. जमीनदारांची चंगळ आणि गिरणी कामगाराच्या घरात पाव महाग. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी मँचेस्टरमधून याविरुद्ध चळवळ उभारली. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र धाडण्याची सोय झाली आणि त्यांनी पत्रकांचा पाऊस पाडला. पावाच्या किमतीत कर किती, हे घराघरात कळू लागलं.

पंतप्रधान रॉबर्ट पील जमीनदारांच्याच पक्षाचे. पण त्यांचं मत पालटत गेलं, त्यात १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, आणि त्यांनी कायदे रद्द करायचं ठरवलं. त्यांच्या पक्षातले बहुसंख्य सदस्य विरोधात गेले. २५ जून १८४६ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहात विधेयक मंजूर झालं आणि त्याच रात्री दुसऱ्या एका विधेयकावर खालच्या सभागृहात पील यांचा पराभव झाला. चार दिवसांनी ते राजीनाम्याचं भाषण करायला उभे राहिले. या यशाचं श्रेय कोणाचं, हे सांगताना त्यांनी नाव घेतलं ते रिचर्ड कॉब्डेन यांचं, समोरच्या बाकांवरून वर्षानुवर्षं त्यांच्यावर टीका करणाऱ्या माणसाचं.

नमस्कार.