मुळांनी मारलेली हाक

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस रुजला की रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेली रोयणीची अळंबी विकायला येते. आपण किमतीवरून हुज्जत घालतो आणि शेवटी घेतोच. तिला वाळवी रोयणीत, म्हणजे आपल्या वारुळात, सांभाळते. आज मात्र मी तिच्या एका दूरच्या नातलगाबद्दल बोलणार आहे. त्याला छत्री कधी फुटत नाही, त्यामुळे बाजारात त्याला कोणी ओळखत नाही. ही बुरशी झाडाच्या मुळात शिरून राहते. कुळागरातल्या, म्हणजे आपल्या पोफळीच्या बागेतल्या, माडाच्या, पोफळीच्या, केळीच्या, मिरवेलीच्या मुळांत ती असते. या मूळ-बुरशीच्या जोडीला मायकोरायझा म्हणतात. कृषी खात्यातली माणसं तिला ‘व्हॅम’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही जोडी दिसते. म्हणजे नीट मुळं फुटायच्या आधीपासूनचा हा संसार आहे.

आपली जमीन जांभ्याची. चिऱ्याचा तांबडा रंग लोहाचा, आणि हेच लोह, सोबत ॲल्युमिनियम, मातीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घट्ट धरून ठेवतं. मूळ आपल्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा स्फुरद संपवतं आणि मग उपाशी बसतं, कारण स्फुरद पाण्याबरोबर सहसा वाहत येत नाही. बुरशीचे तंतू त्या रिकाम्या पट्ट्याच्या पल्याड जातात आणि तिथून स्फुरद आणतात. मोबदल्यात झाड साखर देतं, आणि चरबीही देतं. चरबीचं हे २०१७ साली उघड झालं. झाडाने कमावलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा या भाडेकरूकडे जातो. एवढं भाडेकरूलाच देणारा भाटकार, म्हणजे जमीनमालक, मी तरी पाहिलेला नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती हाकेची. स्फुरद कमी पडला की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं द्रव्य मातीत सोडतं. त्याचा वास लागताच बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाकडे धावतात. हे २००५ साली कळलं. तीनच वर्षांनी, २००८ साली, लक्षात आलं की हेच द्रव्य झाडाच्या आत संप्रेरक, म्हणजे हार्मोन, म्हणून काम करतं आणि फांद्यांना आवर घालतं. भाताच्या ज्या वाणाला ते बनवता येत नाही, तो बुटका राहतो आणि त्याला भरमसाट फुटवे येतात. म्हणजे बाहेर ‘ये रे बाबा’ आणि घरात ‘खर्च आवरा’, ही दोन्ही कामं एकाच रेणूची. तंगी आली की आपली आईसुद्धा हेच करायची: शेजाऱ्याकडे माणूस धाडायची आणि पोरांना सांगायची, आता नवीन काही मागू नका.

ही हाक चोरही ऐकतो. ज्वारी-उसाच्या मुळांवर जगणारा टारफुला याच द्रव्याच्या इशाऱ्यावर रुजतो. खरं तर हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं, १९६६ साली, ते या चोराच्या निमित्तानेच.

बुरशी दारात आली की झाड आधी तिला शत्रूच समजतं. सॅलिसिलिक आम्लाची पातळी थोडा वेळ चढते. हा आपल्या ॲस्पिरिनचा सख्खा नातेवाईक. मग ओळख पटते आणि पातळी उतरते. मुळाच्या पेशीत बुरशी झाडासारख्या फांद्या पसरते, आणि देवाणघेवाण चालते ती तिथे. या फांद्या मोजके दिवसच जगतात, नंतर झाड त्या पचवतं. झाडाला उंच वाढवणारं जिबरेलिन हे संप्रेरक वाढलं की त्या नीट बनतच नाहीत. हे जिबरेलिन पहिल्यांदा मिळालं तेही एका बुरशीतच, भाताची रोपं उंच आणि लुकडी करून मारणाऱ्या.

बचावाची गोष्ट सांगताना मला म्हार्दोळच्या देवळातल्या जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेची आठवण येते. झाडाचं एक मोठं संरक्षक संप्रेरक म्हणजे जास्मोनिक आम्ल. त्याचं नाव जाईवरून पडलं, कारण त्याचं सुगंधी रूप १९६२ साली जाईच्या तेलातून वेगळं काढलं गेलं. मुळात बुरशी असलेलं झाड या संप्रेरकाच्या बाबतीत सावध असतं. ते सतत औषध बनवत बसत नाही, पण अळीने पान कुरतडलं की इतर झाडांपेक्षा लवकर आणि जोरात प्रतिकार करतं. मुळं कुजवणाऱ्या रोगांवरही फायदा दिसतो. म्हणूनच मिरीच्या रोपवाटिकेत कलमांच्या पिशव्यांत ही बुरशी आणि ट्रायकोडर्मा ही रोगांशी लढणारी दुसरी बुरशी घालायची शिफारस असते.

मात्र या बुरशीच्या विकतच्या पाकिटावर लिहिलेल्या सगळ्यावर विश्वास ठेवू नका. मिरचीचा बोकड्या रोग विषाणूचा आहे, त्याच्याशी ही बुरशी लढेल अशी आशा धरू नका. काही रस शोषणाऱ्या किडी तर बुरशीवाल्या झाडावर जास्तच पोसतात. मुळा, मोहरी, कोबी यांच्याशी तिचं जमत नाही, त्या वाफ्यात पैसे घालवू नका. आणि पानांवर फवारून काही होणार नाही. ती मुळाला भिडली पाहिजे, म्हणजे बी पेरताना किंवा रोप लावताना खड्ड्यात घालायची.

एक चूक माझी स्वतःची. परसातल्या मिरचीला मी वर्षानुवर्षं ओंजळभर सुपरफॉस्फेट घालत असे. स्फुरद भरपूर मिळाला की झाड हाक मारायचं थांबवतं. रोपं हिरवीगार दिसत, आणि शेजारणीची, काही न घालता डोंगरउतारावर लावलेली मिरची ऑक्टोबरच्या उन्हात माझ्यापेक्षा जास्त दिवस टिके. तिने माती कधी खोल उकरली नव्हती, हेही सांगायला हवं. कुदळीने तंतूंचं जाळं तुटतं.

बघायचं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोपी युक्ती आहे: बारीक मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (खताच्या पोटॅशच्या नव्हे) द्रावणात उकळून पारदर्शक करायची, मग व्हिनेगरमध्ये मिसळलेल्या पेनच्या शाईत बुडवायची. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ फिकट आणि बुरशी गडद दिसते. व्हिनेगरला तर गोव्यात तोटा नाही. यंदा मिरचीला मी सुपरफॉस्फेट दिलेलं नाही. गणेश चवथ झाली की तिचं एक मूळ काढून शाईत बुडवणार आहे.