पन्नास व्हीएम, चार जॉब: प्रॉक्समॉक्समध्ये बॅकअपचे गट कसे पाडावेत

पाच-सहा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) असतात तोवर बॅकअप हा विषयच नसतो. प्रत्येकीपुढे टिक करायची, रात्रीची वेळ टाकायची, झालं. आकडा चाळीस-पन्नासावर गेला की हीच पद्धत अंगाशी येते. टिक करणारा माणूस वेगळा, नवीन व्हीएम उभी करणारा वेगळा आणि याने त्याला सांगायचं राहून जातं. मग ती व्हीएम कुठल्याच जॉबमध्ये नव्हती हे कळतं कधी, तर ती रिस्टोअर करायची वेळ येते तेव्हा. म्हणून आज गटांबद्दल बोलायचं आहे, आणि तेही प्रॉक्समॉक्स व्हीई (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याचा जोडीदार प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (त्यांचे बॅकअप साठवणारा) यांच्या संदर्भात. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉम कंपनीकडे गेल्यापासून आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी इकडे मुक्काम हलवला आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच घेऊ.

डेटासेंटरवर क्लिक करून बॅकअपमध्ये गेलात आणि अ‍ॅड केलं की सिलेक्शन मोड विचारला जातो. पर्याय चार: निवडलेल्या व्हीएम, सगळ्या व्हीएम, निवडलेल्या सोडून बाकी सगळ्या, आणि पूल. पहिला पर्याय आपोआप समोर येतो आणि बहुतेक जण तोच ठेवतात. माझ्या मते मोठ्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या गटात) तो वापरूच नये. पूल, म्हणजे व्हीएमचा नाव दिलेला गट, वापरा. परमिशन्सखाली पूल तयार करता येतात. व्हीएम बनवतानाच पहिल्या पानावर रिसोर्स पूल निवडायची सोय असते. पूलवर लावलेला जॉब दर वेळी चालताना त्या क्षणी पूलमध्ये कोण आहे ते बघतो, त्यामुळे जॉबला हात लावावा लागत नाही. यावर एक जाळी म्हणून 'सोडून बाकी सगळ्या' प्रकारचा चौथा जॉब ठेवा (पहिले तीन पूलचे, ते पुढे येतात), ज्यात पूलमध्ये आलेल्या व्हीएम वगळलेल्या असतील. वगळायची यादी हाताने सांभाळावी लागते हे खरं. पण इथली चूक परवडणारी आहे. यादीत नाव टाकायचं राहिलं तर फार तर एका व्हीएमचा बॅकअप दोनदा होईल. पहिल्या पद्धतीत नाव राहिलं तर बॅकअपच होत नाही.

याच पानावर, एखादी व्हीएम कुठल्याच जॉबमध्ये नसेल, तर तशी सूचना दिसते आणि शो केल्यावर त्यांची यादी येते. दर सोमवारी ती यादी उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं. शेजारीच जॉब डिटेलचं बटण आहे. त्यात व्हीएमच्या खाली तिची प्रत्येक डिस्क दिसते आणि ती बॅकअपमध्ये आहे की नाही तेही. हे का महत्त्वाचं, तर हार्डवेअरमध्ये प्रत्येक डिस्कला बॅकअपचा एक चेकबॉक्स असतो. कुणी तरी कधी तरी जागा वाचवायला डेटा डिस्कची टिक काढलेली असते. जॉब रोज हिरवा दाखवतो आणि बॅकअपमध्ये असते फक्त ऑपरेटिंग सिस्टीम.

आता गट कशावरून पाडायचे? खात्याप्रमाणे पाडू नका, विंडोज-लिनक्स असेही पाडू नका. दोनच प्रश्न विचारा: या व्हीएमचा किती तासांचा डेटा गेला तर चालेल, आणि ती किती वेळात परत उभी राहिली पाहिजे. टॅलीचं मशीन आणि डेटाबेस सर्व्हर एका पूलमध्ये, दर चार तासांनी. फाइल सर्व्हर, मेल, अंतर्गत वेबसाइट दुसऱ्यात, रोज रात्री. टेस्टिंगची मशीन तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. आणि चौथी ती जाळी. चारपेक्षा जास्त गट पडायला लागले तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी आग्रहापोटी पडलेले असतात, गरजेपोटी नाही. मात्र पूल वापरताना एक अडचण येते. एक व्हीएम एका वेळी एकाच पूलमध्ये राहू शकते, आणि पूल मुळात परवानग्यांसाठी आहेत. खात्यांना परवानग्या देण्यासाठी तुम्ही आधीच पूल पाडले असतील तर ८.१ आवृत्तीपासून एका पूलच्या आत दुसरा पूल ठेवता येतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर आधी अपग्रेडचं बघा.

शेड्यूल टाकताना लोक चारही जॉब रात्री साडेनऊला लावतात. काय होतं बघा. एका नोडवर (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवर) एका वेळी एकच व्हीझेडडम्प (बॅकअप घेणारा प्रोग्रॅम) चालतो. दुसरा जॉब कुलूप सुटायची वाट बघत बसतो, आणि ही वाट बघायची मुदत मुळात १८० मिनिटं आहे. पहिला जॉब साडेतीन तास चालला तर दुसरा चूक देऊन बंद पडतो. उलट वेगवेगळ्या नोडवरचे जॉब मात्र एकाच क्षणी सुटतात, म्हणजे पाच नोड एकदम एकाच बॅकअप सर्व्हरवर तुटून पडतात. जॉबमध्ये पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवलं तरी पहिल्या जॉबला किती वेळ लागतो हे मोजल्याशिवाय उपयोग नाही. एक साधा हिशेब करा: चाळीस व्हीएम, सरासरी १०० जीबी, म्हणजे ४ टीबी. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी मिळाले तर पहिल्या पूर्ण बॅकअपला दहा तास लागतात. पहिला बॅकअप शनिवारी सकाळी सुरू करा.

पुढच्या रात्री वेळ कमी लागतो, पण नेमका का, ते समजून घ्या. क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) चालू असताना कुठले ब्लॉक बदलले याचा एक नकाशा मेमरीत ठेवतं. त्याला डर्टी बिटमॅप म्हणतात. पुढच्या बॅकअपला तेवढेच ब्लॉक वाचले जातात. व्हीएमच्या आतून रीस्टार्ट केलं तर नकाशा टिकतो, कारण क्यूईएमयूची प्रोसेस तीच असते. व्हीएम पूर्ण बंद केली की तो गेला. मग पूर्ण डिस्क पुन्हा वाचावी लागते. सर्व्हरवर पाठवले जातात ते फक्त नवे तुकडे, पण वाचनाचा वेळ लागतोच. लॉगमध्ये 'क्रिएटेड न्यू' असं दिसलं तर हेच झालेलं असतं. म्हणूनच स्टॉप मोडमध्ये घेतलेला बॅकअप दर रात्री रेंगाळतो, कारण तिथे व्हीएम आधी बंद होते. आणि म्हणूनच एकच व्हीएम एका जॉबने एका बॅकअप सर्व्हरवर आणि दुसऱ्या जॉबने दुसऱ्या बॅकअप सर्व्हरवर पाठवू नका. दर वेळी ठिकाण बदललं की नकाशा बाद होतो. दुसऱ्या ठिकाणी प्रत हवी असेल तर बॅकअप सर्व्हरचा सिंक जॉब त्यासाठीच आहे. त्यात 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' हा पर्याय मुळात बंद असतो, तो बंदच राहू द्या. चालू केलात तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाईल.

मोड शक्यतो स्नॅपशॉट. व्हीएम चालू राहते आणि कामात खंड पडत नाही. पण आत काय घडतं ते माहीत असलं पाहिजे. बॅकअप चालू असताना व्हीएमने अजून न घेतलेल्या ब्लॉकवर काही लिहायला घेतलं, तर आधी जुना मजकूर बॅकअपकडे जातो, मगच नवीन लिहिला जातो. बॅकअप सर्व्हर जुन्या, हळू डिस्कवर असेल तर त्याचा संथपणा थेट तुमच्या डेटाबेसला जाणवतो. रात्री दोन वाजता अ‍ॅप्लिकेशन अडखळतं अशा तक्रारीमागे बरेचदा हेच कारण सापडतं. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीत यावर फ्लीसिंग नावाचा उपाय आहे: तो जुना मजकूर आधी जवळच्याच वेगवान स्टोरेजवर ठेवला जातो आणि सवडीने सर्व्हरकडे जातो. जॉबच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये चालू करा आणि स्टोरेज एनव्हीएमईचं (वेगवान एसएसडीचं) द्या. दर चार तासांच्या गटाला तर हे हवंच.

गेस्ट एजंटकडे दुर्लक्ष होतं. हा व्हीएमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, बॅकअपच्या क्षणी तो डिस्कवरचं लिखाण थोडा वेळ थांबवतो, म्हणजे फ्रीझ करतो. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये एजंट चालू केला, पण आत पॅकेज टाकलंच नाही, अशा व्हीएम प्रत्येक क्लस्टरमध्ये सापडतात. बॅकअप तरीही पूर्ण होतो. लॉगमध्ये एफएसफ्रीझ फेल झाल्याची, टाइमआउटची ओळ येते आणि ती कुणी वाचत नाही. मिळालेला बॅकअप मग वीज अचानक गेल्यावर डिस्क ज्या अवस्थेत असते तशा अवस्थेतला असतो. लिनक्समध्ये क्यूईएमयू-गेस्ट-एजंट हे पॅकेज टाका, विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ जोडून त्यातून इन्स्टॉल करा. ऑप्शन चालू केल्यावर व्हीएम एकदा पूर्ण बंद करून सुरू करावी लागते. आतून रीस्टार्ट करून चालत नाही, कारण त्यासाठीचं आभासी उपकरण नव्याने जोडलं जायचं असतं. आणि विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर असेल, त्याचे स्वतःचे डिफरन्शियल (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदलच घेणारे) बॅकअप चालू असतील, तर सावध राहा. फ्रीझच्या वेळी व्हीएसएस (विंडोजची स्नॅपशॉटची सेवा) जागा होतो आणि त्या साखळीत मोडता घालू शकतो. यासाठी एजंटच्या ऑप्शनमध्येच बॅकअपच्या वेळचा फ्रीझ बंद करायची टिक आहे.

गट एकत्र आहे म्हणजे गटातल्या सगळ्या व्हीएमचा बॅकअप एकाच क्षणाचा असतो, असा समज पक्का बसलेला असतो. तसं नसतं. एका नोडवर व्हीएम आयडीच्या चढत्या क्रमाने एकामागून एक घेतल्या जातात. डेटाबेसचा आयडी १२०, त्याच नोडवरच्या कागदपत्रांच्या फाइल सर्व्हरचा १०५ असेल तर फाइल सर्व्हर आधी होतो आणि डेटाबेस, समजा, दीड तासाने. त्या दीड तासात कुणी बिल अपलोड केलं तर डेटाबेसमध्ये त्याची नोंद आहे, फाइल मात्र बॅकअपमध्ये नाही. क्रम उलटा असता तर फाइल सर्व्हरमध्ये जास्तीच्या चार फाइल राहिल्या असत्या, आणि त्याने कुणाचं बिघडत नाही. म्हणून आयडी देतानाच डेटाबेसना लहान आकडे द्या. व्हीएम वेगवेगळ्या नोडवर असतील तर क्रमाचा भरवसा नाही. तिथे डेटाबेसचा स्वतःचा डम्प वेगळा घेण्याला पर्याय नाही.

आयडीवरून आठवलं. बॅकअप सर्व्हर व्हीएमला नावाने ओळखत नाही, आयडीने ओळखतो. जुनी ११२ पुसली आणि नवीन व्हीएमला तोच आकडा मिळाला, तर दोघींचे बॅकअप एकाच गटात जमा होतात आणि रिटेन्शन (किती प्रती ठेवायच्या याचा नियम) जुनीचे बॅकअप हळूहळू काढून टाकतं. प्रॉक्समॉक्स मोकळा असलेला सर्वांत लहान आकडा सुचवतं, त्यामुळे हे सहज घडतं. डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये पुढच्या आयडीची रेंज ठरवता येते, ती पुढे सरकवत राहा. व्हीएम पुसताना जॉबमधून काढण्याची टिकही लावा. जॉबच्या नोट टेम्प्लेटमध्ये गेस्टनेम टाकलंत तर बॅकअपच्या यादीत निदान नाव दिसेल. दोन क्लस्टर एकाच डेटास्टोअरवर (बॅकअप सर्व्हरच्या साठवणीच्या जागेवर) असतील तर प्रत्येकाला वेगळी नेमस्पेस (त्यातला वेगळा कप्पा) दिलीच पाहिजे, नाही तर इकडची १०० आणि तिकडची १०० एकमेकींत मिसळतील.

रिटेन्शनमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो. नियम असा की हे पर्याय क्रमाने लागू होतात: आधी लास्ट, मग अवरली, डेली, वीकली, मंथली, इयरली, आणि आधीच्या पर्यायाने राखलेला काळ पुढचा पर्याय पुन्हा मोजत नाही. सात डेली, चार वीकली, सहा मंथली म्हणजे जास्तीत जास्त सतरा प्रती. आता समजा एकच व्हीएम दोन जॉबमध्ये आहे. चार तासांच्या जॉबवर 'शेवटचे सहा ठेवा' आणि रात्रीच्या जॉबवर 'तीस डेली ठेवा' असं लिहिलंय. दोन्ही जॉब एकाच ठिकाणी लिहितात, आणि छाटणी जॉबची नसते, त्या आयडीच्या सगळ्या प्रतींची असते. म्हणजे पहिला जॉब दर चार तासांनी रात्रीच्या प्रतीही छाटणार. तीस दिवसांच्या प्रती आहेत अशा समजुतीत राहाल आणि हातात एका दिवसाच्या असतील. म्हणून जॉबवर रिटेन्शन लिहूच नका, सगळं ठेवा असं करा आणि छाटणी बॅकअप सर्व्हरवरच्या प्रून जॉबकडे सोपवा. यात दुसराही फायदा आहे. व्हीई बाजूच्या युजरला मग डेटास्टोअर-बॅकअप एवढीच भूमिका द्यावी लागते. त्याला बॅकअप घेता येतो, रिस्टोअर करता येतो, पण पुसता येत नाही. क्लस्टरमध्ये रॅन्समवेअर शिरलं तरी त्या युजरच्या हातून जुन्या प्रती जात नाहीत.

इयरलीबद्दल आपल्याकडे खास काळजी घ्या. कीप-इयरली एक असलं तर त्या वर्षाची शेवटची प्रत राहते, पण वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष. राहणारी प्रत ३१ डिसेंबरची. तुमच्या सीएला हवी असते ३१ मार्चची. लेखा विभागाच्या व्हीएमचा मार्चअखेरचा बॅकअप झाला की तो हाताने प्रोटेक्टेड करून ठेवा, छाटणी त्याला हात लावणार नाही.

छाटणी केली तरी जागा लगेच सुटत नाही. प्रून फक्त यादीतून काढतो. प्रत्यक्ष तुकडे गार्बेज कलेक्शन काढतं, आणि तेसुद्धा गेल्या २४ तास ५ मिनिटांत हात लागलेला तुकडा सोडून. डिस्क ९८ टक्के भरल्यावर धावपळ करून प्रती पुसल्या तर त्या रात्री काहीच हाती लागत नाही. ८० टक्क्यांवर सूचना लावा. बॅकअप सर्व्हर त्याच क्लस्टरमध्ये व्हीएम म्हणून चालवत असाल, जे करू नये, तर निदान जाळीच्या जॉबमधून तिला वगळा. नाही तर तिचा बॅकअप तिच्यावरच घ्यायला जाल, फ्रीझमध्ये ती अडकेल. आणि एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर चावी क्लस्टरच्याच फोल्डरमध्ये पडून राहते. क्लस्टर गेला की चावीही गेली, आणि सगळे बॅकअप असून नसल्यासारखे. चावी छापून तिजोरीत ठेवायची सोय प्रॉक्समॉक्सने दिली आहे, ती वापरा.

राहिलं रिस्टोअरचं. प्रत्येक गटातली एक व्हीएम महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघा, नवीन आयडीवर. रिस्टोअरच्या खिडकीत युनिकची टिक लावा म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बदलतील. 'स्टार्ट आफ्टर रिस्टोअर' मात्र लावू नका. मॅक बदलला तरी आतला आयपी जुनाच असतो, आणि स्थिर आयपीचा डेटाबेस सर्व्हर दुसऱ्यांदा नेटवर्कवर उगवला तर खऱ्याचीही गडबड होते. आधी हार्डवेअरमध्ये नेटवर्क कार्डवर डिस्कनेक्ट करा, मग सुरू करा, कन्सोलमधून लॉगइन करा, टॅलीची कंपनी उघडून शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते बघा, आणि पहिल्या बटणापासून तिथपर्यंत किती मिनिटं लागली ते त्या गटापुढे लिहून ठेवा.