तीन ग्रॅमची गोळी

पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, पहिल्यांदा खेळायला आलेला माणूस सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो: लागतं का? तर, लागतं. हे आधीच मान्य करून टाकू म्हणजे पुढचं बोलता येईल. ताणलेला रबरबँड जवळून कातडीवर सोडला तर जसं चुरचुरतं, साधारण तसं. लाल वळ उठतो, कधी काळानिळा डाग काही दिवस राहतो. दंडावर किंवा मांडीवर बसली तर खेळाच्या भरात कळतही नाही. बोटांच्या पेरांवर आणि मानेवर मात्र चांगलंच कळतं. पण किती लागेल, केव्हा लागेल आणि लागू नये म्हणून काय करायचं, याची बहुतेक उत्तरं त्या गोळीतच आहेत. डावपेच नंतर बघू, आधी गोळी बघू.

नेहमीची पेंटबॉलची गोळी साधारण १७ मिलिमीटर व्यासाची आणि तीन ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. बाहेरचं कवच जिलेटिनचं. औषधाच्या मऊ कॅप्सूल ज्या तंत्राने बनवतात त्याच तंत्राने ते बनतं. आत मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याने धुतला जाणारा रंग. सुरुवातीच्या गोळ्यांत मात्र खरोखरच तेलाचा रंग असायचा, कारण त्या खेळासाठी बनवलेल्याच नव्हत्या. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबूनच खूण करता यावी म्हणून ते साधन निघालं होतं. खेळून झालं की अंगावरचा रंग टर्पेंटाइनने काढावा लागे. तुमच्या नशिबात साबण आहे, एवढ्यावर तरी समाधान माना.

आता वेग. मैदानावर मार्करमधून, म्हणजे गोळी झाडायच्या बंदुकीतून, सुटणाऱ्या गोळीचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ३०० फूट ठेवतात, म्हणजे सुमारे ९१ मीटर. बऱ्याच ठिकाणी मर्यादा २८० किंवा त्याहूनही कमी असते. खेळ सुरू होण्याआधी क्रोनोग्राफ नावाच्या वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर प्रत्येक मार्कर झाडून बघतात. तो सोपस्कार म्हणून कंटाळू नका, तिथे उभं राहून आकडा स्वतः बघा. गोळी ज्या वायूच्या जोरावर सुटते त्याची बाटली कार्बन डायऑक्साइडची असेल तर हवा तापली की आतला दाब वाढतो आणि वेगही वाढतो, त्यामुळे सकाळी मर्यादेत असलेला मार्कर दुपारी मर्यादेत असेलच असं नाही. दाबलेल्या साध्या हवेवर चालणारे मार्कर या बाबतीत जास्त भरवशाचे.

गोळी अशी हलकी आणि गोल असल्यामुळे हवा तिला फार लवकर अडवते. ३० मीटर जाईपर्यंत तिचा वेग जवळपास निम्मा होतो, आणि वेग निम्मा झाला की फटक्याची ताकद एक चतुर्थांश उरते. लांबून आलेली गोळी कधी अंगावर फुटत नाही, नुसती आपटून खाली पडते, ती यामुळेच. तीच गोळी चार पावलांवरून आली तर वेगळा अनुभव. म्हणजे भीती बाळगायचीच असेल तर गोळीची नको, अंतराची बाळगा.

या सगळ्या हिशेबाला एकच अपवाद आहे: डोळा. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. १७ मिलिमीटरची गोळी डोळ्याच्या खोबणीपेक्षा लहान असते. मोठा चेंडू चेहऱ्यावर आला तर त्याचा बराचसा मार भुवईच्या आणि गालाच्या हाडावर जातो. ही गोळी हाडं चुकवून थेट बुबुळावर बसू शकते. मग डोळ्यात रक्त साकळणं, पडदा सुटणं, मोतीबिंदू होणं, क्वचित डोळाच फुटणं, इथपर्यंत प्रकार जातो. डॉक्टरांनी नोंदवलेल्या अशा दुखापती वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: बहुतेकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी मास्क नव्हता. काहींनी घातलाच नव्हता. बाकीच्यांनी काढला होता.

का काढतात? मी मैदानात रेफरी म्हणून उभा असतो, त्यामुळे कारणं पाठ झाली आहेत. काचेवर वाफ धरली. घाम डोळ्यात गेला. काचेवर रंग उडाला. आणि सगळ्यात धोकादायक कारण म्हणजे 'मी तर बाद झालो होतो'. तुम्ही बाद झालात, पण हवेत असलेल्या गोळीला ते ठाऊक नसतं. मैदानाच्या जाळीच्या आत असेपर्यंत मास्क काढायचा नाही, खेळ थांबल्याची शिट्टी वाजली तरी नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही. दिसेनासं झालं तर खाली बसा, हात वर करा, रेफरीला हाक मारा, तो तुम्हाला मास्कसकट बाहेर नेईल. धडपडून मास्क निघालाच तर जमिनीवर पालथे व्हा, चेहरा हातांनी झाका आणि ओरडा. दुसऱ्या कुणाचा निघालेला दिसला तर आपण कुठल्या बाजूचे हे विसरून खेळ थांबवायला ओरडा.

मास्क पेंटबॉलसाठीच बनवलेला हवा. कारखान्यातले गॉगल, पोहण्याचे गॉगल, बारीक जाळीचे मास्क यांतलं काहीही चालत नाही. जाळीतून रंग आत येतो आणि जाळी या माऱ्यासाठी बनलेलीही नसते. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ१७७६ हे मानक आहे, तो उल्लेख मास्कवर आहे का बघा. काच तडकलेली किंवा खोल ओरखडे पडलेली असेल तर बदलून मागा, संकोच करू नका. दुहेरी काचेचा, म्हणजे थर्मल लेन्सचा मास्क मिळत असेल तर तोच घ्या, वाफ कमी धरते. चष्मा असलेल्यांनी चष्म्यावरून मास्क नीट बसतो का हे डोकं हलवून, खाली वाकून आधीच तपासावं. एरवी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी त्याच लावा, नाहीतर चष्म्याची काच आणि मास्कची काच अशा दोन काचांवर वाफ धरते.

मैदानाबाहेर मार्करच्या बॅरलवर, म्हणजे नळीवर, कापडी पिशवी चढवलेली हवी. तिला बॅरल सॉक म्हणतात. आत नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवा. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, फक्त करायचं आहे.

कपड्यांचा विचारही गोळीकडून करा. पेंटबॉलमध्ये गोळी अंगावर फुटून डाग पडला तरच तुम्ही बाद. न फुटता उडाली तर नाही. ताणून बसलेल्या कपड्यावर गोळी पटकन फुटते, ढगळ कपड्याच्या घडीत तिचा जोर मुरतो. म्हणून ढगळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट. हातमोजे हवेतच. मानेला रुमाल किंवा बफ. मास्कच्या वर कपाळ उघडं राहतं, तिथे टोपी उलटी घाला. घोटा धरून ठेवणारे बूट घाला, कारण मला या खेळात गोळीने जायबंदी झालेल्यांपेक्षा खड्ड्यात पाय मुरगळलेले जास्त दिसतात. पण मार चुकवायला एकावर एक चार थर चढवू नका. मास्कमध्ये आधीच उकडतं, त्यात भर पडली की भोवळ येते. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी प्या, तहान लागेपर्यंत थांबू नका.

आता खेळ. ३० मीटर अंतर कापायला या गोळीला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात ती जवळपास मीटरभर खाली येते. अर्ध्या सेकंदात धावणारा माणूस दोन-अडीच मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे लांबून धावत्या माणसावर नेम धरून मारलेली गोळी तो जिथे होता तिथे पोचते, तो जिथे आहे तिथे नाही. नवखा खेळाडू नेमकं उलट गृहीत धरतो: हललो तर लागेल, बसून राहिलो तर वाचेन. मग तो पहिल्या शिट्टीला जवळच्या आडोशामागे जातो आणि खेळ संपेपर्यंत तिथेच असतो. खेळ संपतोही लवकर, निदान त्याच्यापुरता.

कारण आडोसा फक्त समोरून वाचवतो. समोरचा एक जण तुम्हाला गुंतवून ठेवतो आणि दुसरा शांतपणे बाजूने चालत येतो. तुम्ही दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसायला लागलात की तो ड्रम किंवा ती भिंत असून नसल्यासारखी. त्यामुळे एका जागी दोन-चार मिनिटं झाली की पुढची जागा हेरून ठेवा. एकाने मारा करून समोरच्याला डोकं खाली घालायला लावायचं, तेवढ्यात दुसऱ्याने पळायचं. धावायचं अंतर छोटं ठेवा. आणि निघण्याआधी साथीदाराला सांगा, नाहीतर तोच तुमच्या पाठीत मारेल. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

बोलणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी उणीव. मैदानात शिरले की सगळे मौनात जातात. शत्रूला ऐकू जाईल ही भीती. अहो, तो कुठे लपलाय हे त्याला माहीतच आहे! तुमच्या साथीदाराला माहीत नाही. 'डावीकडे, निळ्या ड्रममागे एक' एवढं ओरडलात तरी तुमची बाजू एका डोळ्याने जास्त बघायला लागते.

आडोशामागे उभं राहण्याचीही एक रीत आहे. त्याला चिकटू नका, हातभर मागे राहा, म्हणजे दोन्ही बाजूंना नजर जाते. वरून डोकावू नका, बाजूने डोकवा, तेही लागोपाठ दोनदा एकाच बाजूने नको. कोपर आणि पाऊल आत घ्या. बाद झालेल्यांतले कितीतरी जण बाहेर राहिलेल्या कोपरावर बाद होतात.

चापावरचं बोट आवरणं मात्र शिकवून येत नाही. नेहमीच्या हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात, २०० गोळ्या मावतात आणि नवखा त्या पहिल्या काही मिनिटांत संपवतो, कारण आवाज केला की धीर येतो. दोन-तीन गोळ्या झाडा, त्या कुठे पडतात बघा, नेम वर-खाली करा, पुन्हा झाडा. गोळी उडताना दिसते, त्याचा फायदा घ्या. संपल्या म्हणून जमिनीवरच्या उचलून भरू नका. त्या ओल शोषून फुगतात, माती चिकटते, आणि बॅरलमध्येच फुटतात. एकदा आत रंग सांडला की बॅरल पुसेपर्यंत पुढच्या गोळ्या वाटेल तिकडे जातात.

चाप न ओढताही हा खेळ जिंकता येतो, याला सुरुवातीपासूनचा दाखला आहे. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण हा खेळ पहिल्यांदा खेळले. प्रत्येक जण एकटा, झाडांवर खूण करायचं तेच पिस्तूल हातात, आणि जंगलात ठिकठिकाणी ठेवलेली निशाणं गोळा करून बाहेर पडायचं. जिंकला रिची व्हाइट, जंगलाच्या कामातला माणूस. त्याने एकही गोळी झाडली नव्हती. त्याला कुणी पाहिलंच नाही.

राहिला प्रामाणिकपणा. रेफरी म्हणून सांगतो, आम्हाला सगळं दिसत नाही. गोळी फुटली की स्वतःच 'आउट' म्हणायचं, मार्कर डोक्यावर धरायचा आणि सरळ बाहेर चालायचं. जाता जाता कोण कुठे आहे हे साथीदारांना सांगायचं नाही. पाठीवर फुटली की नाही कळत नसेल तर रेफरीला 'पेंट चेक' म्हणून हाक मारा. मार्करवर फुटलेल्या गोळीनेही बहुतेक मैदानांवर बाद धरतात, हे आधी विचारून घ्या. डाग हळूच पुसणारे असतात. ते ओळखूही येतात, कारण पुसलेला रंग पसरतो. आणि बाद झालेल्यावर आणखी चार गोळ्या झाडणं बंद करा. ऑफिसचा ग्रुप आला की साहेबांच्या वाट्याला चार जास्त येतात, हे मी पाहिलेलं आहे. साहेबही ते ओळखून असतात. अगदी जवळ अचानक समोरासमोर आलात तर कित्येक मैदानांवर आधी शरण यायला सांगायची पद्धत आहे. नियम नसला तरी मी म्हणेन, सांगा. चार पावलांवरून मारून काही सिद्ध होत नाही.

मुलांना आणायचं असेल तर कमी जोराच्या, साधारण साडेबारा मिलिमीटरच्या लहान गोळ्यांचे मार्कर मिळतात. त्यांचा मार बराच सौम्य असतो. मास्कचा नियम तोच.

खेळ संपला की वळांवर बर्फ लावा. कपडे त्याच दिवशी धुवा. खिशात उरलेल्या गोळ्या मात्र घरी इकडेतिकडे टाकू नका, विशेषतः घरात कुत्रा असेल तर. माणसाच्या अंगावर निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्याने बऱ्याच प्रमाणात खाल्ला तर त्याच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. तसं झालंच तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या आणि त्याने काय खाल्लं ते सांगा.