डिलनचं सगळ्यात भारी प्रेमगीत कोणतं? आणि लग्नात कोणतं वाजवू नये?

नमस्कार मंडळी. आज गिटारची कॉर्ड नाही, स्ट्रमिंग नाही. आज भांडण.

झालंय असं, की बॉब डिलनवरचा 'अ कम्प्लीट अननोन' सिनेमा आला, टिमथी शालामेने गळ्यात हार्मोनिका अडकवली आणि एकदम सगळ्यांना डिलनचा पुळका आला. येऊ दे, चांगलंच आहे. पण तेव्हापासून मी एफची बार कॉर्ड शिकवत असले तरी व्हिडिओखाली कमेंटमध्ये प्रश्न एकच: ताई, डिलनचं बेस्ट लव्ह साँग कोणतं? आणि मी उत्तर द्यायच्या आत तुमचं तुम्हीच सुरू. एकाने दुसऱ्याला "तुला संगीतातलं काही कळत नाही" म्हटलंय, दुसऱ्याने त्याचं शिक्षण काढलंय. प्रेमगीतांवरून!

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: डिलन म्हणजे अमेरिकन गायक-गीतकार, जन्म 24 मे 1941, मिनेसोटातलं डुलुथ. वाढला हिबिंगमध्ये, 1961 साली न्यूयॉर्कला आला, आधी फोक, मग 1965 ला इलेक्ट्रिक गिटार घेऊन लोकांच्या शिव्या खाल्ल्या, 2016 ला साहित्याचं नोबेल. बाकीचं तुम्ही शोधू शकता. पुढे.

तुमच्यात तीन पार्ट्या आहेत. पहिली पार्टी 'मेक यू फील माय लव्ह'वाली. यातल्या निम्म्या लोकांना ते अडेलचं गाणं वाटतं. एकाने तर लिहिलंय, "ताई, अडेलच्या गाण्याची या म्हाताऱ्याने काय वाट लावलीय." अहो दादा! गाणं त्याचंच आहे. 1997 च्या 'टाइम आउट ऑफ माइंड'मधलं. अडेलने घेतलं 2008 मध्ये. गंमत म्हणजे डिलनची रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच बिली जोएलने गायलेलं बाहेर आलं होतं, म्हणजे हे गाणं जन्मापासूनच दुसऱ्यांच्या घरी वाढलंय. छान गाणं आहे. सरळ आहे, लग्नात चालेल, कोणी दुखावणार नाही. मला त्यात बोलण्यासारखं फार सापडत नाही, म्हणून पुढे जाते.

दुसरी पार्टी 'ले लेडी ले'. 1969, नॅशव्हिल, अचानक गोड झालेला आवाज. या गाण्यात मला गाण्यापेक्षा तालवाद्यं आवडतात. ड्रमर केनी बट्रीने सांगितलेला किस्सा आहे. काय वाजवू म्हणून त्याने विचारलं, तर डिलन म्हणाला बाँगो आणि प्रोड्यूसर म्हणाला काउबेल. दोघांनीही बहुतेक टाळायलाच सांगितलं होतं. त्याने चिडून दोन्ही वाजवायला घेतली, आणि ती धरून उभं राहायला कोण? तेव्हा त्या स्टुडिओत साफसफाईचं काम करणारा क्रिस क्रिस्टॉफरसन. हो, तोच. नंतर स्वतः स्टार झालेला. गाणं पुन्हा लावा आणि फक्त ते टकटक ऐका.

तिसरी पार्टी म्हणजे माझे लाडके भांडखोर, ज्यांना प्रत्येक गाण्याबद्दल एकच प्रश्न पडतो: हे कोणावर लिहिलंय? प्रेयसी सूझ रोटोलोवर? गायिका जोन बाएझवर? बायको साराबद्दल? आणि इथे माझं डोकं फिरतं.

मी म्हणते, कोणावर लिहिलंय हे बाजूला ठेवा. गाण्यात कोण बोलतंय आणि कोणाशी बोलतंय, एवढंच आधी ठरवा. बस. डिलनची प्रेमगीतं ऐकताना लोक घसरतात ते इथेच. ऐकणारा समजतो, गिटार घेऊन बसलेला माणूस प्रेयसीशी बोलतोय. बहुतेक वेळा तसं नसतंच!

कोल्हापूरच्या एका लग्नात गेले होते. नवरा-नवरीची एंट्री. धूर सुटलाय, फुलं उडतायत, आणि स्पीकरवर डिलनचंच 'इट एन्ट मी, बेब'. जॉनी कॅश आणि जून कार्टर यांनी गायलेलं, मस्त उड्या मारायला लावणारं व्हर्जन. सगळे टाळ्या वाजवतायत. मी वधूच्या मावशीशेजारी बसलेली, चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न चाललाय. कारण त्या गाण्यात माणूस काय सांगतोय? तुला जो सांभाळणारा, नेहमी पाठीशी राहणारा, हाक मारली की येणारा हवाय ना, तो मी नव्हे. खिडकीपासून लांब हो. आणि हे मंडपात! मावशी मला म्हणाल्या, "चाल छान आहे गं." चाल छानच आहे, मावशी.

आता मुख्य गाणं. 'बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर'. 1964 च्या 'द टाइम्स दे आर अ-चेंजिंग' या रेकॉर्डवरचं. चाल ऐकून काही जण लिहितात, हे तर 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री'च आहे. बरोबर, सख्खी भावंडं आहेत. डिलन 1962 च्या शेवटी बीबीसीच्या एका नाटकासाठी लंडनला गेला होता, तिथे त्याने इंग्लिश फोक गायक मार्टिन कार्थीकडून 'स्कारबरो फेअर' ऐकलं, आणि त्या जुन्या इंग्रजी लोकगीताची सावली या दोन्ही गाण्यांवर पडलीय. आणि हो, "डिलनने हे पॉल सायमनचं चोरलं" असं लिहिणाऱ्यांनो, सायमनही ते कार्थीकडूनच शिकला. सायमन आणि गारफंकेलची रेकॉर्ड 1966 ची. तारखा बघत जा रे.

तर बूट्स. नऊ कडवी. कोणीतरी समुद्रापार निघालंय आणि विचारतंय: तिकडून तुझ्यासाठी काय पाठवू? दुसरं माणूस म्हणतं: काही नको, तू जशी आहेस तशी परत ये. पुन्हा विचारणा: चांदीचं, सोन्याचं काही? माद्रिदच्या डोंगरातून, बार्सिलोनाच्या किनाऱ्यावरून? पुन्हा नको. आकाशातले तारे आणि समुद्रातले हिरे हातात असते तरी तुझ्या एका चुंबनासाठी टाकून दिले असते. तिसऱ्यांदा: मला खूप दिवस लागतील, आठवण म्हणून तरी? तिसऱ्यांदा नको.

इथपर्यंत सहा कडवी. एक तिचं, एक त्याचं, एक तिचं, एक त्याचं. पण "ती म्हणाली", "तो म्हणाला" असं कुठेही नाही. आवाज एक, गिटार एक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस बडबडतोय. म्हणून सांगते, दोन रंगांची पेनं घ्या आणि कागदावर कडवी एकाआड एक रंगवा. हसू नका. मी क्लासमधल्या मुलांना हेच करायला लावते, आणि सातव्या कडव्यापाशी सगळ्यांचं पेन हवेत थांबतं.

कारण सातव्या कडव्यात तिची पाळी आहे. आणि ती बोलत नाही. तिचं पत्र आलंय, जहाजावरून. तो सांगतोय की पत्र आलं, त्यात लिहिलंय, कधी परत येईन सांगता येत नाही, मला कसं वाटतंय त्यावर आहे. म्हणजे समोरासमोरचं बोलणं केव्हाच संपलं. रंग बदलायला हवा होता, बदलला नाही. इथून शेवटपर्यंत तिन्ही कडवी त्याचीच.

हेच कानाने ऐका. सहाव्याकडून सातव्या कडव्यात जाताना डिलन काय करतो? काहीही नाही. आवाज चढवत नाही, थांबत नाही, गिटारचं पिकिंग तसंच चालू. "डिलनला गाता येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी ही जागा आहे. दुसऱ्या कोणी इथे हुंदका घातला असता. त्याने घातला असता तर गाणं तिथेच मेलं असतं, कारण पत्र वाचणाऱ्या माणसाला अजून कळायचंय काय झालंय. आपल्याला त्याच्यासोबतच कळतं, आठव्या कडव्यात: तुझं मन माझ्याजवळ नाही, तू जिथे चाललीयस तिथे गेलंय.

आणि मग उलटीकडून या. शेवटच्या कडव्यात तो म्हणतो, पश्चिमेच्या वाऱ्याला जप, वादळाला जप, आणि हो, पाठवायचंच असेल तर एक गोष्ट पाठव: स्पॅनिश चामड्याचे बूट. ज्याने तीनदा "काही नको, तूच हवीस" म्हटलं, तो आता वस्तू मागतोय. मागितली म्हणजेच तिला मागायचं सोडलं. आणि वस्तूही कोणती? चालायला लागायची! आता हे पहिल्या कडव्यावरून कळतं का? नाही. पेन घेऊन कडवी वाटली नाहीत तर शेवटचं कडवं म्हणजे नुसती शॉपिंग.

पण रील्सवाले काय करतात? चौथं कडवं कापतात. तारे, हिरे, चुंबन, संपलं. त्यावर सूर्यास्त, त्यावर अंगठी. बाबांनो, ज्या माणसाला सोडून जाणार आहेत त्याचं वाक्य तुम्ही साखरपुड्याला लावताय!

एक कमेंट मात्र मला फार आवडली. रत्नागिरीच्या एक ताई आहेत, मिस्टर मर्चंट नेव्हीत. त्या लिहितात, "रिलीव्हर आला नाही की आमच्याकडेही 'कधी येईन सांगता येत नाही' असाच मेसेज येतो. त्यात ब्रेकअप कुठला?" बरोबर आहे ताई. जागेवर बदली माणूस येईपर्यंत जहाज सोडता येत नाही, साइन-ऑफ लांबला तर माणूस काय करणार? पण तुमचे मिस्टर "मला कसं वाटतंय त्यावर आहे" असं लिहीत नाहीत ना? ती ओळ आहे म्हणून हे गाणं आहे.

आता सूझ रोटोलोवाले तोंड उघडणार, मला माहितीय. हो, 1962 साली ती इटलीला शिकायला गेली होती, पेरूजाला. हो, 'फ्रीव्हीलिन' रेकॉर्डच्या कव्हरवर जोन्स स्ट्रीटवर त्याच्या दंडाला बिलगून चालणारी तीच. सिनेमात तिचंच नाव बदलून सिल्वी रुसो केलंय. पण ते कळल्याने बूट कळले का? इटलीच्या जागी स्पेन आला तेव्हाच तो हिशेब मोडला.

आणि 'डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट'चं काय? त्याच दिवसातलं गाणं. प्ले-लिस्टमध्ये "रोमँटिक फोक" म्हणून सापडतं. 'फ्रीव्हीलिन'च्याच मागे समीक्षक नॅट हेन्टॉफने लिहिलेल्या मजकुरात डिलन स्वतः सांगतो की हे प्रेमगीत नव्हे, माणूस स्वतःला बरं वाटावं म्हणून असं बोलतो, जणू स्वतःशीच बोलतोय. मग ऐका. काही हरकत नाही, विचार करू नकोस, निघालो मी. मध्येच, तू काहीतरी बोलून मला थांबवलं असतंस तर बरं झालं असतं. आणि जाता जाता, माझा मोलाचा वेळ वाया घालवलास, असो, हरकत नाही. हरकत नाही म्हणणाऱ्याची केवढी हरकत आहे बघा! ती खोलीत आहे तरी का? माझ्या मते झोपलीय.

'कोणावर लिहिलंय'वाल्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे 'सारा'. 1976 च्या 'डिझायर'वरचं. बायकोचं नाव घेऊन गायलंय, आता काय बोलशील ताई? बोलते. त्या गाण्यात तो म्हणतो की चेल्सी हॉटेलात रात्र रात्र जागून तुझ्यासाठी 'सॅड-आइड लेडी ऑफ द लोलँड्स' लिहिलं. बरं. पण 1966 साली ते गाणं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड झालं, तेव्हाचे वादक सांगतात की डिलन स्टुडिओतच लिहीत बसला होता आणि ते पत्ते खेळत, डुलक्या काढत थांबले होते. पहाटे चारच्या सुमाराला बोलावणं आलं. गाणं दोन-तीन मिनिटांचं असेल समजून ते प्रत्येक ध्रुपदाला जोर चढवत गेले, आता संपेल, आता संपेल. संपलं अकरा मिनिटांनी. रेकॉर्डची एक अख्खी बाजू. मग चेल्सी हॉटेल की नॅशव्हिल? भांडा. माझं म्हणणं, 'सारा'मध्ये बोलतोय तो बायकोला परत मिळवू पाहणारा माणूस आहे, आणि अशा वेळी माणूस हॉटेलचंच नाव घेईल. पुढच्या वर्षी, 1977 ला, घटस्फोट झाला.

'ब्लड ऑन द ट्रॅक्स' रेकॉर्डवाल्यांना मी विसरले नाहीये, शिव्या घालू नका. त्यातलं 'टँगल्ड अप इन ब्लू' सप्टेंबर 1974 ला न्यूयॉर्कमध्ये गायलं तेव्हा सुरुवातीला "तो" होता. डिसेंबरला मिनीआपोलिसमध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं तेव्हा "मी" झाला. घटना त्याच, सर्वनाम बदललं. कोण बोलतंय हा प्रश्न त्यालाही पडत होता, मीच वेडी नाही.

माझं मत हवंय ना? सगळ्यात उत्तम रचलेलं: बूट्स. पण रात्री भांडी घासताना मी लावते ते 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'वरचं 'इफ यू सी हर, से हॅलो'. तिथे तो तिच्याशी बोलतच नाही, तिला भेटू शकेल अशा कोणाशी तरी बोलतोय. मी विसरलोय असं तिला वाटत असेल तर वाटू दे, तसं नाही असं सांगू नकोस. म्हणजे निरोप द्यायचा की नाही द्यायचा? त्या मधल्या माणसाची मला दया येते.

चला. पुढच्या व्हिडिओत 'डोन्ट थिंक ट्वाइस'चं पिकिंग घेऊ. कॅपो चौथ्या फ्रेटवर, बोटं सी-च्या आकारात. अंगठा आठवडाभर वेगळा घोटून ठेवा, बास तारांवर आलटून पालटून. उजव्या हाताची नखं कापू नका. डाव्या हाताची कापा.