शिडी चढून वर गेल्यावर

२० ऑगस्ट २०२० च्या सकाळी अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ ‘लेडी मे’ नावाची सुमारे दीडशे फुटी आलिशान नौका उभी होती. तटरक्षक दलाच्या मदतीने काही अधिकारी तिच्यावर चढले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांना त्यांनी अटक केली. हे अधिकारी टपाल खात्याचे होते. ऐकायला गंमत वाटते, पण अमेरिकी टपाल खात्याचा स्वतःचा शस्त्रधारी तपास विभाग आहे आणि देणग्यांतील कथित फसवणुकीचे हे प्रकरण त्याच्याकडे होते. पुढे ट्रम्प यांनी बॅनन यांना माफी दिली. ज्यांच्याशी ही नौका जोडली जात होती ते चिनी उद्योगपती ग्वो वेनग्वी यांना मात्र मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे जमिनीवर, एका वेगळ्या प्रकरणात अटक झाली.

रस्त्यावर गाडी अडवली की क्रमांकावरून मालकाचे नाव कळते. अशा नौकेची शिडी चढून गेलेल्या पोलिसाला वर बहुधा कप्तान भेटतो, तो अदबीने कागद पुढे करतो आणि कागदावर मालक म्हणून एक कंपनी असते. कंपनी एका बेटावर नोंदलेली, तर नौकेवरचा ध्वज कधी कधी तिसऱ्याच देशाचा. हा ध्वज शोभेचा नसतो. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार खुल्या समुद्रात नौकेवर साधारणपणे फक्त तिच्या ध्वजाच्या देशाचाच अधिकार चालतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, किनारी देशाचे सार्वभौमत्व असते, पण तेथूनही नुसत्या पुढे निघालेल्या परदेशी नौकेवर चढून कोणाला पकडण्यावर बऱ्याच मर्यादा आहेत. म्हणून पोलीस नौका बंदरात येण्याची वाट पाहतात.

तरीही कागद पोलिसांवरच उलटू शकतो. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी इंडोनेशियाच्या पोलिसांनी अमेरिकी तपासयंत्रणेच्या विनंतीवरून बाली येथे ‘इक्वॅनिमिटी’ ही ९१ मीटरहून लांब नौका ताब्यात घेतली. मलेशियाच्या सरकारी निधीतून पळवलेल्या पैशांतून मलेशियाचे उद्योगपती झो लो यांनी ती घेतल्याचा आरोप होता. पोलिसांना नौकेवर खलाशी सापडले, झो लो नव्हते. एप्रिलमध्ये जकार्ताच्या न्यायालयाने ती जप्तीच बेकायदा ठरवली. एवढी मोठी कारवाई करून रिकाम्या हाताने उतरण्याची पाळी आलेल्या अधिकाऱ्यांच्या मनःस्थितीची कल्पनाच केलेली बरी. नंतर रीतसर नवी विनंती आली, नौका पुन्हा जप्त झाली, ऑगस्टमध्ये ती मलेशियाला मिळाली आणि २०१९ मध्ये १२ कोटी ६० लाख डॉलरला विकली गेली. झो लो यांनी आरोप नाकारले आहेत आणि ते फरार आहेत.

लंडनमध्ये तर नौका स्वतःच शहरात येऊन थांबली होती. मार्च २०२२ च्या अखेरीस कॅनरी व्हार्फच्या गोदीत ‘फाय’ ही ५८ मीटरची निळी नौका रशियाविरोधी निर्बंधांखाली अडकवण्यात आली. नोंदणी सेंट किट्स आणि नेव्हिस येथील कंपनीच्या नावावर होती, ध्वज माल्टाचा होता.

मालक कागदाआड राहण्याच्या अगदी उलट प्रसंग ५ नोव्हेंबर १९९१ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांजवळ घडला. ब्रिटनमधील वृत्तपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल आपल्या ‘लेडी गिलेन’ या नौकेवर स्वतः होते; पहाटे त्यांनी आतल्या फोनवरून खोलीच्या तापमानाविषयी सूचना दिली होती. काही तासांनी खलाशांनी शोध घेतला तेव्हा ते नौकेवर नव्हते. संध्याकाळी बचाव हेलिकॉप्टरला समुद्रात त्यांचा मृतदेह दिसला. मृत्यूच्या कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. स्पॅनिश तपास अधिकारी चढले ते मालक नसलेल्या नौकेवर, आणि नौकेला नाव होते मालकाच्या धाकट्या मुलीचे. त्या मुलीला, गिलेन मॅक्सवेल हिला, २ जुलै २०२० रोजी एफबीआय या अमेरिकी तपासयंत्रणेने न्यू हॅम्पशायरमधील एका घरातून अटक केली. त्या घराचीही खरेदी एका कंपनीमार्फत झालेली होती.